कृत्तिकेचा ठसा

पडद्यावर दोन आलेख एकाखाली एक उमटले होते. वरचा मिहीर सबनीसचा, खालचा त्याच्या बायकोचा, शाल्मलीचा. डॉ. यमुना कोळेकर खुर्ची मागे सरकवून ते बराच वेळ बघत होत्या.

"काही गडबड आहे का, डॉक्टर?" मिहीरनं शेवटी विचारलं.

"गडबड नाही. दोघांचेही ठसे अगदी स्वच्छ आहेत. इतके स्वच्छ क्वचितच दिसतात. अडचण तीच आहे."

पुण्याबाहेर, एका उघड्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या स्थलबोध संशोधन संस्थेत अलीकडे अशा जोडप्यांची रीघ लागलेली असे. जगातले कितीतरी देश म्हातारे झाले होते. तिथली चांगली बांधलेली गावं ओस पडत होती, आणि लहान मुलं असलेल्या कुटुंबांना तिथून आग्रहाची बोलावणी येत होती: आधी काही महिने राहून बघा, आवडलं तर कायमचे या. मिहीर समुद्रातल्या पवनचक्क्यांचा अभियंता होता, शाल्मली कोरडवाहू पिकांच्या बियाण्यांवर काम करायची. दोघांनाही मागणी होती. जायचं हे ठरलं होतं. कुठे, ते ठरत नव्हतं. त्यांची मुलगी कृत्तिका आता चार वर्षांची होत आली होती आणि त्या क्षणी प्रयोगशाळेतल्या फिरत्या स्टुलावर बसून स्वतःला गरागरा फिरवत होती.

"मला जरा नीट समजावून सांगा," शाल्मली म्हणाली. "बाहेर लावलेल्या फलकावरचं वाचलं, पण त्यातून काही कळलं नाही."

"फलक आमच्या संचालकांनी लिहिलाय," डॉ. कोळेकर हसल्या. "माणसाच्या मेंदूत स्थलपेशी असतात. आपण कुठे आहोत हे त्या सांभाळतात. एवढं पूर्वीपासून माहीत होतं. आम्हाला इथे सापडलं ते असं, की साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षात या पेशी एक काम कायमचं उरकून घेतात. भोवताली जे जे स्थिर असतं ते त्या उचलतात. जमिनीचा चढउतार, उन्हाचा कल, क्षितिज किती लांब आहे, हवेत ओल किती, हाक मारली की आवाज कसा परत येतो. जे बदलतं ते गाळून टाकायचं, जे बदलत नाही ते ठेवून घ्यायचं. त्याला आम्ही स्थलठसा म्हणतो. पुढे आयुष्यभर, त्या ठशाशी जुळणाऱ्या जागी गेलं की मेंदूत एक संथ लय सुरू होते. तिचं नाव स्वस्थलय."

"आणि न जुळणाऱ्या जागी?"

"तिथेही माणूस जगतो. काम करतो, हसतो, लग्नकार्यं करतो. फक्त आतमध्ये कुणीतरी सतत उभं असल्यासारखं असतं. बसत नाही."

मिहीर देवगडच्या बाजूचा. खाडीवर उतरणाऱ्या चढावरचं घर, दमट हवा, चार पावलांवर संपणारी नजर. शाल्मली करमाळ्याची. सपाट माळ, कोरडा वारा, आणि संध्याकाळी कुठल्या कुठे लांब दिसणारं एखादं झाड. ज्या तीन शहरांतून त्यांना बोलावणं होतं त्यांची मापं यंत्रात आधीच भरलेली होती. चिलीतलं नदीकाठचं पावसाळी वाल्दिविया मिहीरच्या ठशाशी जवळजवळ तंतोतंत जुळत होतं. स्पेनमधलं सारागोसा, माळावरचं, वाऱ्याचं, शाल्मलीच्या ठशाशी. जपानमधलं मात्सुयामा दोघांच्याही अर्धवट जवळ होतं.

"म्हणजे आमच्यापैकी एकानं जन्मभर उभं राहायचं," शाल्मली म्हणाली.

"किंवा दोघांनी थोडं थोडं."

"आणि हिचं काय?" मिहीरनं स्टुलाकडे बोट दाखवलं.

"हिचा ठसा अजून ओला आहे. जिथे राहाल तिथली होईल ती."

घरी जाताना दोघांना एकाच वेळी तेच सुचलं. आपल्या दोघांचं जुळणार नसेल तर मग मुलीचं बघू. तिला जिथे खुलायला होईल तिथे राहू. डॉ. कोळेकरांकडून त्यांनी कानामागे चिकटवायची एक लयमापक चकती घेतली. कृत्तिकेच्या मेंदूतली लय त्या चकतीतून फोनवर दिसायची. रेषा संथ असली म्हणजे मूल स्वस्थ, काटेरी झाली म्हणजे नाही.

चकती देताना डॉक्टर जरा घुटमळल्या होत्या. "याच्याकडे फार बघत बसू नका," म्हणाल्या होत्या.

पण असली गोष्ट हातात आल्यावर कोण बघितल्याशिवाय राहतं?

आधी वाल्दिविया. तिथे पोचल्यावर कृत्तिकेची रेषा इतकी संथ झाली की मिहीर विमानतळावरच नाचला. नदीकाठच्या मासळीबाजारात पाण्यातून वर येऊन लोळणारे समुद्रसिंह बघून कृत्तिका खदखदून हसायची. मिहीर तर कित्येक वर्षांनी दुपारी गाढ झोपू लागला होता. पाऊस पत्र्यावर पडत असायचा आणि तो तोंड उघडं टाकून घोरत असायचा. शाल्मलीला ती हवा अंगावर ओल्या पोत्यासारखी वाटायची. हे तिनं मिहीरला कळू दिलं नाही.

काही आठवड्यांनी रेषेला काटे फुटू लागले. कृत्तिका जेवणावरून उठून दाराशी जाऊन उभी राहायची. झोपेतून दचकून उठायची. एकदा तिनं मिहीरचे बूट आणून त्याच्यासमोर ठेवले आणि विचारलं, "आता कुठे?"

"कुठे म्हणजे? इथेच राहायचंय की आपल्याला."

तिनं ओठ काढले आणि रडायला लागली.

शाल्मलीनं फोन त्याच्यापुढे धरला. रेषा करवतीसारखी झाली होती. मिहीर बराच वेळ खिडकीबाहेरच्या नदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हिला नाही मानवत इथे. चल, सारागोसा बघू." एवढं म्हणायला त्याला किती जड गेलं ते शाल्मलीला कळलं, आणि कळलं म्हणून तिला आनंद लपवावा लागला.

सारागोसाला जाताना विमानात कृत्तिका पूर्ण वेळ झोपली. गावात उतरल्यावर रेषा पुन्हा संथ. "बघ!" शाल्मली म्हणाली. पहिल्या दिवशी ती शहराबाहेर जाऊन माळावर नुसती उभी राहिली. जोराचा कोरडा वारा तोंडावर येत होता आणि डोळ्यांत पाणी येत होतं, ते वाऱ्यानं की कशानं तिलाही सांगता आलं नसतं. बियाणं केंद्रातलं काम तिला आवडलं. शेजारच्या पिलारबाईंशी ती तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये तासन्‌तास बोलायची. पिलारच्या नातीशी कृत्तिका खेळायची. आता मिहीर खिडक्या लावून बसायचा. या मोकळ्या जागेत नुसतं चालतानासुद्धा आपण उघडे पडलोय असं वाटतं, म्हणायचा.

मग एका सकाळी कृत्तिकेनं नातीबरोबर खेळायला नकार दिला. ती प्रवासाच्या बॅगा ठेवलेल्या कपाटापाशी जाऊन बसली. फोनवर रेषा काटेरी.

"थांबू या ना थोडं," शाल्मली म्हणाली. "होईल शांत."

त्यांनी वाट बघितली. शांत झाली नाही. मूल वाळू लागलं. सारागोसा सोडताना पिलारबाई रडल्या, शाल्मली रडली नाही, आणि मिहीरला ते जास्त लागलं.

मात्सुयामाला ट्रॅम होती, टेकडीवर किल्ला होता, समुद्र होता. आल्या आल्या रेषा संथ, नंतर पुन्हा तेच, आणि या वेळी आधीपेक्षा लवकर. तिथून ते पोर्तुगालच्या एका बेटावर गेले, कारण कुणीतरी सांगितलं होतं की तिथे दोन्हीकडची हवा मिळते. बेटावर एक पावसाळा काढला. तिथून पुन्हा वाल्दिविया, कारण मिहीर म्हणाला की पहिल्या वेळी आपण घाई केली. तिथून पुन्हा सारागोसा, कारण शाल्मली म्हणाली की मग माझ्याही वेळी घाईच केली होती. प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर मूल फुलायचं आणि दोघं एकमेकांकडे बघायचे, आता तरी सापडलं. प्रत्येक ठिकाणी ते पुन्हा कोमेजायचं. कृत्तिका पाच वर्षांची झाली, सहा पुरी होत आली. तिला चार भाषांतली भाज्यांची नावं यायची आणि एकाही मैत्रिणीचं आडनाव सांगता यायचं नाही.

दुसऱ्यांदा सारागोसा सोडायची वेळ आली तेव्हा शाल्मली बॅग न भरता पलंगावर बसून राहिली.

"मला एकदा कुठेतरी बसू दे रे, मिहीर."

"माझ्या हातात आहे का ते?"

"मग तू हिला घेऊन जा. बोटीवर काम घे, कुठेही जा. मी इथे राहते. ती येऊन जाऊन राहील माझ्याकडे. कितीतरी घरांत होतं असं."

मिहीर बॅगेत कपडे भरत राहिला. आपल्यालाही हे सुचलं होतं, फक्त त्यात सारागोसाच्या जागी वाल्दिविया होतं, हे त्याला बोलून दाखवायचं नव्हतं. पिलारबाईंनी घर काही दिवस राखून ठेवायचं कबूल केलं, आणि तिघं आधी पुण्याला आले.

पुण्यातही तेच झालं. शाल्मलीच्या बहिणीकडे पहिले दिवस बरे गेले, मग रेषेला काटे. तेव्हा शाल्मलीनं डॉ. कोळेकरांना फोन केला.

संस्थेत डॉक्टरांनी चकतीत साठलेला सगळा काळ पडद्यावर एका ओळीत मांडला. कृत्तिका आत एका सहायिकेबरोबर ठोकळे रचत होती. पडद्यावर रेषा काटेरी व्हायची, मग एकदम संथ, मग हळूहळू पुन्हा काटेरी.

"या संथ जागा कुठल्या?" त्यांनी विचारलं.

मिहीर पुढे वाकला. "ही वाल्दिवियाची सुरुवात. ही सारागोसाची. ही मात्सुयामा..."

"नाही. नीट बघा. गावात पोचायच्या आधीच रेषा बसलीय. ही संथ जागा विमानातली आहे. ही त्याच्या आदल्या दिवसाची, सामान आवरतानाची." त्यांनी बोट पुढे सरकवलं. "पोचल्यावर ती थोडे दिवस टिकते आणि मग ओसरते. गाव कुठलंही असो, ओसरण्याची तऱ्हा एकच."

शाल्मलीला आधी कळलं.

"जे बदलत नाही ते ठेवून घ्यायचं," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होता. हिच्या भोवती काय बदलत नव्हतं?"

"निघणं," मिहीर म्हणाला. "ती बिघडली की आपण हलायचो. आणि हलायचो म्हणून ती शांत व्हायची. आणि आपल्याला वाटायचं, नवं गाव तिला मानवलं."



"पहिल्यांदा का बिघडली मग? वाल्दिवियात?" शाल्मलीनं विचारलं. "तेव्हा तर आम्ही एकदाच हललो होतो."

"नव्या जागेची मजा ओसरली की लहान मूल थोडे दिवस बावरतंच. सगळीच बावरतात. थांबला असता तर गेलं असतं." डॉ. कोळेकरांनी हे शक्य तितक्या हळू सांगितलं, तरी ते खोलीत दगडासारखं पडलं. "मी तुम्हाला चकती द्यायला नको होती."

"आता पुसता येतो? ठसा?"

"वाळलाय तो."

संस्थेकडे एक फिरती प्रयोगशाळा होती, मागच्या बाजूला यंत्रं आणि दोन बाकं असलेली लांबट गाडी. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉ. कोळेकर तिघांना घेऊन नगर रस्त्याला लागल्या. चालकाच्या शेजारी त्या स्वतः बसल्या. शहर मागे पडलं, शेतं लागली, आणि कृत्तिका दोघांच्या मधे बसून पाय हलवत गाणं म्हणू लागली. छोट्या पडद्यावरची रेषा तळ्यातल्या पाण्यासारखी सपाट झाली. शाल्मलीनं इतक्या दिवसांत तिला असं बघितलं नव्हतं.

"म्हणजे नक्की झालं," ती रुक्षपणे म्हणाली. "हिला फिरत ठेवायचं. मग माझं म्हणणं चूक नव्हतं. मिहीर हिला घेऊन फिरेल, मी सारागोसाला राहीन. ती माझ्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून माझ्याकडे. प्रवास तेवढाच होईल. निदान आम्हा दोघांना तरी..."

"गाडी बाजूला घ्या," डॉ. कोळेकर चालकाला म्हणाल्या. मग मागे वळल्या. "शाल्मली, तुम्ही जरा इथे उतरता का? आम्ही पुढे एक फेरी मारून येतो."

शाल्मली उतरली. गाडी गेली. रस्त्याकडेला ज्वारीचं रान होतं, वारा होता, आणि नजर अडेल असं काही नव्हतं. तिला तिथे बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला. एक ट्रॅक्टर गेला. ट्रॅक्टरवाल्यानं मागे वळून दोनदा बघितलं. गाडी परत यायला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दार उघडलं तेव्हा कृत्तिका हुंदके देत होती. रेषा करवतीसारखी होती. शाल्मली आत शिरली, तिला मांडीवर घेतलं, गाडी चालू झाली, आणि थोड्याच वेळात काटे एक एक करून विरघळले.

"आता मिहीर," डॉक्टर म्हणाल्या.

मिहीर एका चहाच्या टपरीपाशी उतरला. गाडी चालत होती, आई जवळ होती, तरी रेषा उसळली. कृत्तिका मागच्या काचेला नाक लावून बघत राहिली. परत येऊन त्याला घेतलं आणि रेषा पुन्हा बसली. मग डॉक्टरांनी गाडी एका झाडाखाली थांबवायला लावली आणि मुलीला चालकाबरोबर गाडीतच ठेवून दोघांना बाहेर बोलावलं. दाराच्या काचेतून ते तिला दिसत होते.

"इतकी वर्षं सगळं बदललं," त्या म्हणाल्या. "घर, भाषा, ऊन, पाऊस, शेजारी. दोन गोष्टी बदलल्या नाहीत. एक, निघणं. दुसरी तुम्ही. एकटं नाही, दोघं मिळून. ठशाला आई वेगळी आणि बाबा वेगळा असं कळत नाही. त्यानं जे होतं तसं उचललंय. तुम्ही वेगळे झालात तर तिला दोन घरं मिळणार नाहीत. एकही मिळणार नाही."

मिहीर खाली बघत होता. शाल्मली म्हणाली, "तुम्हाला हे आधीच माहीत होतं. म्हणून मला उतरवलंत."

"काल रात्रीपर्यंत माहीत नव्हतं." डॉ. कोळेकरांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "आम्ही फलटणकडचे धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, पाऊस यायच्या आत परत वर. मला घोड्यावर भांड्यांच्या मधे बांधून बसवायचे. बा पुढे चालायचा, आई घोड्याची दोरी धरून. पुढे शाळेसाठी वसतिगृहात ठेवलं. तेव्हापासून मी कुठल्याच खोलीत नीट झोपलेली नाही. हे यंत्र बनवलं तेव्हा सगळ्यात आधी स्वतःवर लावून बघितलं. काहीच उमटलं नाही. मला वाटलं, ज्याचं गाव नाही त्याचा ठसा नाही. काल तुमच्या मुलीची रेषा बघितली आणि ही गाडी घेऊन एकटीच निघाले. म्हटलं, चालत्या गाडीत माझीही बसेल."

"बसली?"

"हलली. एकदा वाटलं की बसतेय. नाही बसली. पुढे बा नव्हता, दोरी धरून आई नव्हती."

शाल्मलीनं काचेतून मुलीकडे बघितलं. तिला जो प्रश्न विचारायचा होता तो तोंडाशी येऊन अडत होता.

"आम्ही नसू तेव्हा?"

"माझी आई जाऊन आता बरीच वर्षं झाली," डॉ. कोळेकर म्हणाल्या. "बा तिच्या आधीच गेला. मी इथवर आले. ही पण येईल. पण तोवर जेवढं असेल तेवढं तिला असू द्या."

गाडीत कृत्तिकेनं काचेवर थापा मारायला सुरुवात केली होती. थांबून बराच वेळ झाला होता.

"पवनचक्क्यांच्या देखभालीची जहाजं असतात," मिहीर हळूच म्हणाला. "कुटुंब नेता येतं. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या. जहाजावर बियाण्यांचं काम कसलं होणार तुझं, ते मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," शाल्मली म्हणाली. "पिलारबाईंना मी कळवते, घर दुसऱ्या कुणाला द्या म्हणून."

"वाल्दिवियाला मी कळवतो. तिथलं काम मी अजून नाकारलेलं नाही."

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो हे आपणहून सांगेल असं तिला वाटलं नव्हतं. मग दोघं आत चढले, मुलीच्या दोन बाजूंना बसले.

"परत पुण्याला घेऊ?" चालकानं विचारलं.

"नाही," शाल्मली म्हणाली. "पुढेच घ्या."

गाडी सुटली. नगरच्या अलीकडे जमीन मोकळी होत गेली, उन्हं कलली आणि लांबवर, जिथे आभाळ टेकतं तिथे, एक एकटं झाड दिसू लागलं. शाल्मलीच्या छातीतून नकळत एक दीर्घ श्वास सुटला. थांबा म्हणावं, इथे पाच मिनिटं थांबा, असं तिला फार वाटलं. कृत्तिका तिच्या दंडावर डोकं टेकून झोपली होती आणि पडद्यावरची रेषा जराही हलत नव्हती. झाड जवळ आलं, बाजूला आलं, मागे गेलं. शाल्मलीनं मान वळवून ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं आणि मग समोर बघून बसली.